सोरायसिससाठी टॉन्सिल काढणं: कुणाला अनुभव आहे का?

शेवंती
धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २७, नाशिकला नोकरी. आठवीत असताना त्याचा घसा धरला, ताप आला, आणि तो उतरून दोन-अडीच आठवडे होतात न होतात तोच पोटापाठीवर लाल ठिपके उठले, पावसाचे थेंब पडावेत तसे. डॉक्टरांनी गटेट सोरायसिस म्हणून सांगितलं, आपोआप जाईल म्हणाले, आणि गेलाही. पण पुढे दर मोठ्या घसादुखीमागून तो यायला लागला. आता कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्यात जाड चट्टे कायमचेच आहेत. काळा शर्ट घालणं त्याने सोडलंय, खांद्यावर कोंडा दिसतो म्हणून.

मलमं झाली. मेथोट्रेक्सेट झालं, पण लिव्हरचे रिपोर्ट बिघडले म्हणून बंद केलं. लाइट थेरपीने खूप छान फरक होता, पण आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल गाठायचं म्हणजे शिफ्ट ड्यूटीवाल्याला अशक्य. मागच्या महिन्यात घसा पुन्हा सुजला म्हणून कान-नाक-घसावाल्यांकडे गेला, तर ते म्हणाले, "टॉन्सिल काढून टाकू, त्वचेलाही फरक पडेल." त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. आई म्हणते टॉन्सिल हे घशाचे राखणदार, काढले की जन्मभर सर्दी. आता ऐकायचं कुणाचं?

खारेदाणे
ताई, हसणाऱ्या डॉक्टरांचं ऐका. शंभर वर्षांपूर्वी हा धंदा जोरात होता. शरीरात कुठेतरी पू लपलाय आणि सगळे रोग तिथूनच येतात, असं म्हणत सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्यावर दात आणि टॉन्सिल उपटायचे. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचा डॉक्टर होता, तो दात-टॉन्सिल काढून भागलं नाही तर आतड्याचा तुकडाही काढायचा. कित्येक माणसं त्यात मेली. 'काढून टाकू' म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं.

प्राजक्त१२
वाचतेय. माझ्या मुलीलाही गटेट झालं होतं, तीन महिन्यांत गेलं, परत आलं नाही. त्यामुळे प्रत्येकाचं तुमच्या भावासारखंच होतं असं नाही, हे नवीन वाचणाऱ्या आयांसाठी लिहून ठेवते.

कातडीबचाऊ
मी त्वचारोगतज्ज्ञ, लातूरकडे प्रॅक्टिस. (आयडीवरचे विनोद करून झालेत, नवीन असेल तरच टाका.)

खारेदाणे यांचा इतिहास बरोबर आहे, पण त्या कचऱ्यात एक खरी गोष्टही फेकली गेली. घसा आणि सोरायसिस यांचं नातं विनफिल्ड नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९१६ मध्येच नोंदवलं होतं: टॉन्सिलला सूज आली, मागोमाग सोरायसिस उठला. आज त्यामागची यंत्रणा बऱ्यापैकी माहीत आहे. घशात बसणारा स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे ज्याच्यामुळे संधिवाताचा ताप येतो तोच जंतू. ज्यांच्या घरात कुणाला झडपेचा आजार आहे आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं ते दुखरं इंजेक्शन घ्यावं लागतं, त्यांना हा गडी चांगला माहीत असेल. तिथे शरीर जंतूशी लढता लढता हृदयाच्या झडपांवर घसरतं. इथे त्वचेवर.

या जंतूच्या अंगावर एम प्रोटीन असतं. त्यातले काही तुकडे आपल्या त्वचेतल्या केराटिन १७ या प्रथिनाशी जुळतात. टॉन्सिलमध्ये जंतू ओळखायला शिकलेल्या टी-पेशी (शरीराचे शिपाईच म्हणा) रक्तातून त्वचेत पोचतात. त्यातल्या बऱ्याच जणींवर त्वचेकडे जायचा 'पत्ता' आधीच चिकटवलेला असतो. तिथे केराटिन दिसलं की त्यांना वाटतं शत्रू सापडला. ज्यांच्यात एचएलए-सी०६:०२ हा जनुकप्रकार असतो त्यांच्यात हे जास्त होतं, आणि लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसमध्ये तो वारंवार सापडतो. तुमच्या भावाची कथा म्हणजे अगदी पुस्तकातली केस आहे.

मग नुसती अँटिबायोटिक देऊन का भागत नाही? कारण हा जंतू टॉन्सिलच्या खाचाखोचांत, अगदी पेशींच्या आतसुद्धा दडी मारतो. शिवाय शिकलेल्या टी-पेशी तिथेच तयार होत राहतात. म्हणून ती शाळाच बंद करावी, असा विचार पुढे आला.

प्रत्यक्ष करून पाहिलं ते आइसलँडमध्ये, रेक्याविकला. जुनाट चट्ट्यांचा सोरायसिस असलेले आणि घसा दुखला की त्वचा चिघळते असं सांगणारे २९ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: १५ जणांचे टॉन्सिल काढले, १४ जणांचे नाही, आणि दोन वर्षं पाहिलं. काढलेल्यांपैकी १३ जणांमध्ये ३० ते ९० टक्क्यांपर्यंत सुधारणा झाली आणि ती टिकली. न काढलेल्यांमध्ये लक्षणीय फरक नाही. रक्तातल्या त्या जंतू-आणि-केराटिन ओळखणाऱ्या टी-पेशीही सुधारणेच्या प्रमाणात कमी झाल्या. हे २०१२ साली छापून आलं.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी हसायला नको होतं. पण म्हणून उद्या सकाळी टेबलावर चढायचं असंही नाही. बाकीचं रात्री लिहितो, ओपीडी आहे.

खारेदाणे
पंधरा माणसं! आमच्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त येतात.

आकडेमोड
खारेदाण्यांचा टोमणा सोडला तरी मुद्दा उरतोच. मी डॉक्टर नाही, आकड्यांचं काम करतो. तीन गोष्टी मला खटकतात.

एक, ऑपरेशन झालंय की नाही हे रुग्णाला माहीत असतंच. औषधाच्या चाचणीत देतात तशी खोटी गोळी इथे देता येत नाही, आणि सोरायसिस हा मनाच्या ताणावर कमीजास्त होणारा आजार आहे. दुसरं म्हणजे ज्यांचं घशाशी नातं आहे तेच लोक निवडले होते. हे चुकीचं नाही, उलट शहाणपणाचं आहे, पण तो निकाल सरसकट सगळ्या सोरायसिसवाल्यांना लावता येत नाही. आणि तिसरं, जगभरचे जुने अहवाल गोळा करून २०१५ मध्ये एक आढावा आला, त्यात टॉन्सिल काढलेल्या ४१० रुग्णांपैकी २९० जणांना फरक पडल्याची नोंद आहे. ऐकायला सत्तर टक्के, भारी वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच नोंदी सुट्यासुट्या रुग्णांच्या आहेत, आणि ज्याला फरक पडतो त्याचीच गोष्ट छापली जाते. नाही पडला तर कोण लिहायला बसतंय?

कोक्रेनवाल्यांनी (उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) २०१९ मध्ये अँटिबायोटिक आणि टॉन्सिल दोन्ही धरून चाळणी लावली तेव्हा हाताला लागले पाच अभ्यास, १६२ माणसं. निष्कर्ष असा की पुरावा अगदीच कच्चा, ठाम काही सांगता येत नाही.

पण आइसलँडच्या बाजूने एक सांगायलाच हवं. सोरायसिस सगळ्यात वाईट असतो तेव्हाच माणूस ऑपरेशनला तयार होतो, आणि नंतर तो आपोआप थोडा ओसरतो. श्रेय मात्र ऑपरेशनला जातं. इथे न काढलेला गटही होता आणि तो ओसरला नाही. म्हणून हा छोटा अभ्यास मला शेकडो सुट्या गोष्टींपेक्षा मोलाचा वाटतो.

तिसरी_घंटा
"कोण लिहायला बसतंय" म्हणालात म्हणून बसले. माझ्या नवऱ्याचे चाळिशीत टॉन्सिल काढले, मुख्यतः सोरायसिससाठीच. फरक शून्य. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे बसवून पहिलाच प्रश्न विचारला, "घसा दुखला की चट्टे वाढतात का?" तर नाही, कधीच नाही. मग विचारलं, बीपीची गोळी कुठली? ती बीटा ब्लॉकर गटातली निघाली, आणि त्याने सोरायसिस चिघळू शकतो. गोळी बदलल्यावर हळूहळू बरं वाटलं. आधीच्या ठिकाणी हे दोन प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. घशाला मात्र जो त्रास झाला तो अजून आठवतो त्यांना.

काढेवाला
ऑपरेशनशिवाय उपाय आहे. आमच्या ओळखीचे एक वैद्य पुडी देतात, आठ दिवसांत चट्टे गायब. विचारपुशीत निरोप टाका.

कातडीबचाऊ
@काढेवाला, आठ दिवसांत चट्टे गायब करणारी एकच गोष्ट मला माहीत आहे आणि ती स्टिरॉइड आहे. बिनलेबलच्या पुडीत ती कुटून घातलेली असते. पुडी थांबली की सोरायसिस दुप्पट उसळतो, कधी अंगभर पुवाचे फोड येतात आणि पेशंट तापाने फणफणून ॲडमिट होतो. दरवर्षी असे येतात माझ्याकडे. पंचकर्म करणाऱ्या चांगल्या वैद्यांबद्दल हे नाही, पुडीबद्दल आहे.

हिरवी_मिरची
माझे काढलेत, पस्तिशीत, पुण्यात. माझं कारण मुळात घसाच होतं. वर्षभर महिन्याआड ताप, गिळताना अश्रू. सोरायसिस लहानपणापासूनचा, पण तो सुधारेल अशी आशा मला कुणी दाखवली नव्हती.

खरं सांगायचं तर नंतरचे दोन आठवडे भयंकर. लहान पोरं तिसऱ्या दिवशी उड्या मारतात, मोठ्यांचं तसं नसतं. पहिले दोन दिवस औषधांच्या गुंगीत बरे जातात आणि मग खरं दुखणं सुरू होतं. आरशात बघितलं तर घशात दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळा थर. मला वाटलं पू झालाय, धावत डॉक्टरांकडे गेले. ती म्हणे जखमेवरची नेहमीची खपली. सगळ्यात विचित्र म्हणजे कान दुखतात! घशाची आणि कानाची नस एकच असते म्हणाले. खाणं म्हणजे गार पेज, गार वरण, मऊ भात, आइस्क्रीम. टोमॅटोचं सार प्यायले त्या दिवशी मात्र ब्रह्मांड आठवलं. आणि गिळायला घाबरून पाणी बंद करू नका, घसा कोरडा पडला की जास्त दुखतं.

त्वचेचं सांगते. पहिले काही महिने काहीच नाही. मग हिवाळा आला, दर हिवाळ्यात पाठीवर जे नवीन ठिपके यायचे ते आलेच नाहीत. जुने चट्टे पातळ झाले. कोपरांवरचे आहेत तसेच आहेत, मलम लावते. गेलं का? नाही. पण वाढायचं थांबलं.

ओसाकाचा_बंड्या
इथे जपानमध्ये हा विषय अजिबात जगावेगळा नाही. मला तळहात-तळपायांवर पुवाचे बारीक फोड यायचे, पामोप्लांटर पस्ट्युलोसिस म्हणतात. सोरायसिसचा भाऊबंद समजा, पण इथले डॉक्टर त्याला वेगळाच आजार धरतात. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दंतवैद्याकडे आणि घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि सिगरेट सोडायला लावली. या आजारात टॉन्सिल काढणं इथे अनेक वर्षं चालत आलंय. मूत्रपिंडाच्या आयजीए नेफ्रोपथीतही स्टिरॉइडच्या जोडीने करतात. नवीन इंजेक्शनंही आहेत, गुसेलकुमॅबला २०१८ मध्ये इथे या आजारासाठी परवानगी मिळाली.

मी काढले नाहीत. दाताच्या मुळाशी जुनं इन्फेक्शन निघालं, ते साफ केलं, सिगरेट सुटली, आणि फोड बरेच कमी झाले. कशाने झाले ते देव जाणे.

खारेदाणे
म्हणजे दात आणि टॉन्सिल. हेन्री कॉटन जिंदाबाद. (हलके घ्या, वाचून थोडा विचारात पडलोय.)

घशातला_घास
कान-नाक-घसा सर्जन. बराच वेळ नुसताच वाचत होतो.

आमच्याकडे टॉन्सिल काढायचा ढोबळ नियम असा: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा खणखणीत टॉन्सिलायटिस. खणखणीत म्हणजे ताप, गिळता न येणं, गळ्यात गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग. नुसती खवखव नाही. शेवंतीताई, भाऊ या नियमात बसत असेल तर सोरायसिसचा वादच नको, घशासाठीच काढणं योग्य. त्वचा सुधारली तर बोनस. नियमात बसत नसेल आणि फक्त त्वचेसाठी काढायचे असतील तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवं. मी स्वतः त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय घेत नाही.

धोका लपवत नाही. भूल सोडली तर मोठी भीती रक्तस्रावाची. पहिल्या २४ तासांत होऊ शकतो, आणि दुसरा पाचव्या ते दहाव्या दिवसात, खपली सुटताना. मोठ्या माणसांत तो लहान मुलांपेक्षा जास्त दिसतो. थुंकीत एखादी लाल रेघ वेगळी, आणि ताजं रक्त येत राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घरी बर्फ चोखत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. म्हणून ऑपरेशननंतर दोन आठवडे हॉस्पिटलपासून लांब गावी जाऊ नये. यंत्र कुठलं, कोब्लेशन की साधी पद्धत, यावर पेशंट फार वेळ घालवतात. हात सरावाचा आहे का, ते पाहा.

आईंसाठी: टॉन्सिल राखणदार आहेत हे खरं, पण एकटे नाहीत. जिभेच्या मुळाशी, नाकामागे, घशाभोवती तशाच पेशींचं कडं असतं आणि ते जागेवर राहतं. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात, नवव्या वर्षाआधी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त झालेले दिसले. त्यामुळे लहान मुलांत आम्ही हात आखडता घेतो. तुमचा भाऊ २७ वर्षांचा आहे.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा रविवार यातच गेला. आई डॉक्टरांची एकही चिठ्ठी टाकत नाही, सगळ्या एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेल्या. त्या तारखेने लावल्या. अमॉक्सिसिलीन लिहिलेल्या चिठ्ठ्या एका बाजूला, स्किनवाल्यांच्या दुसऱ्या बाजूला. बहुतेक ठिकाणी घशाची चिठ्ठी, आणि दोन ते चार आठवड्यांत स्किनची. मध्ये एक मोठा भडका असा निघाला की त्याआधी घसा नव्हता, तेव्हा बाबा आयसीयूत होते. फोनमधल्या फोटोंवरूनही तेच दिसतंय. माझ्या लग्नाच्या फोटोंत त्याचे हात स्वच्छ आहेत, आणि त्या वर्षी घशाची एकही चिठ्ठी नाही.

रक्ताची एएसओ टायटर तपासणी केली (स्ट्रेप येऊन गेला का ते बघणारी), ४०० आलंय. आता प्रश्न: याचा अर्थ टॉन्सिल काढायलाच हवेत असा का?

कातडीबचाऊ
नाही. एएसओ २०० च्या वर असणं म्हणजे मागच्या काही आठवडे-महिन्यांत स्ट्रेप भेटून गेला, एवढंच. आपल्याकडे गर्दीत राहणाऱ्या बऱ्याच लोकांचं वाढलेलं सापडेल. त्याहून तुमच्या त्या पिशवीतल्या चिठ्ठ्या जास्त बोलक्या आहेत, खरंच सांगतो. पुढच्या वेळी घसा धरला की अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी घशाचा स्वॅब कल्चरला द्यायला सांगा. स्ट्रेप सापडला आणि पाठोपाठ त्वचा उठली, तर धागा पक्का जुळला.

माझं मत विचाराल तर (न तपासता दिलेलं मत, तेवढंच त्याचं वजन): तुमच्या भावासारखा, लहानपणी गटेटने सुरुवात, घशाशी कागदावर दिसणारं नातं आणि घसाही वरचेवर बिघडतो, असा पेशंट माझ्याकडे आला तर मी सर्जनकडे चिठ्ठी देईन. पण त्याला बजावून सांगेन की सोरायसिस मुळापासून जाण्याची हमी नाही, आणि फरक कळायला महिने लागतात. सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो, म्हणून सांधे सकाळी आखडतात का, तेही विचारा. सांध्यांसाठी टॉन्सिल काढण्याला काही आधार नाही, तिथे वेळ घालवला तर बोटं वाकडी होतात.

दुसरा रस्ताही ठेवा समोर. ॲप्रेमिलास्टच्या देशी गोळ्या आता मिळतात. सेक्युकिनुमॅबसारख्या इंजेक्शनांनी निम्म्याहून जास्त लोकांची त्वचा तीन महिन्यांत ९० टक्के स्वच्छ होते, चाचण्यांचे आकडे आहेत. मात्र ती चालू ठेवावी लागतात, खिशाला जड, आणि आपल्या देशात आधी टीबीची तपासणी करावीच लागते. ऑपरेशन एकदाच होतं, पण केलेलं परत फिरवता येत नाही. यात तुलना करायची ती भावाने, आपण नाही.

आकडेमोड
अवांतर: जयपूरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ३० रुग्णांना दोन वर्षांपर्यंत बेंझाथिन पेनिसिलीन देऊन जुनाट सोरायसिसमध्ये सुधारणा नोंदवली होती. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. कुणी पूर्ण ताकदीने पुन्हा करून पाहायला हवं होतं. पेनिसिलीन इतकं स्वस्त आहे की त्यावर पैसे लावणार कोण?

तिसरी_घंटा
शेवंती, त्या चिठ्ठ्यांचा तारखांसकट तक्ता करून दोन्ही डॉक्टरांना एकेक प्रत द्या. तोंडी सांगितलं की अर्धं सुटतं. आणि बाकीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही त्यात लिहा.

शेवंती
तक्ता झाला. स्किनचे डॉक्टर या वेळी हसले नाहीत, दहा मिनिटं बघत बसले आणि सर्जनना स्वतः फोन लावला. ठरलंय असं: पुढच्या घसादुखीला स्वॅब घ्यायचा, आणि स्ट्रेप आला तर दिवाळीनंतर ऑपरेशन. तोवर घराजवळ लाइट थेरपीची रात्रीची वेळ मिळते का बघतोय. आई अजून धुमसतेय, पण घशाभोवतीच्या कड्याचं वाचून दाखवल्यावर जरा निवळली.

भावाचा एकच प्रश्न आहे, तो इथे टाकायला सांगितलाय: ऑपरेशननंतर मँगो मस्तानी चालते का?

घशातला_घास
दिवाळीनंतर आंबा कुठला, डब्यातला रसच असणार. मस्तानी चालेल, वरचा सुकामेवा मात्र काढून. काजूचा तुकडा खपलीवर घासला की मला रात्री दोनला फोन येईल.